उसना भाता

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत 'व्हेंटिलेटर' हा शब्द खेड्यापाड्यांतील घराघरांत पोहोचला. 'काकांना ऑक्सिजन लावलाय', 'आता व्हेंटिलेटरवर ठेवलंय' अशी वाक्ये शाळकरी मुलांच्याही कानांवर पडली. शब्द रुळला, पण त्याच्याबरोबर दोन गैरसमजही रुळले. पहिला असा, की ऑक्सिजन देणे आणि व्हेंटिलेटर लावणे ही एकाच उपचाराची लहान-मोठी रूपे आहेत. दुसरा असा, की व्हेंटिलेटर लावला म्हणजे सारे संपले. हे समज दूर करायला मोठे वैद्यकीय ज्ञान लागत नाही. शालेय पाठ्यपुस्तकातील श्वसनसंस्थेचा धडा, थोडे अंकगणित आणि इतिहासातील एक प्रसंग एवढी शिदोरी पुरते. ती घेऊन आपण या विषयाकडे पाहू.

आधी काय, छाती फुगणे की हवा आत येणे?

हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. 'हवा आत गेल्यामुळे छाती फुगते, की छाती फुगल्यामुळे हवा आत जाते?' बहुतेक मुले पहिला पर्याय निवडतात, कारण फुगा तसा फुगतो. खरे उत्तर दुसरे आहे. फुप्फुसांना स्वतःहून फुगण्यासाठी स्नायू नाहीत. छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाकार स्नायू, म्हणजे श्वासपटल, आकुंचन पावून सपाट होतो. बरगड्या वर व बाहेर सरकतात. छातीच्या पोकळीचे आकारमान वाढते. त्याबरोबर फुप्फुसे ताणली जातात, त्यांच्यातील हवेचा दाब किंचित कमी होतो आणि बाहेरची हवा आत शिरते. लोहाराचा भाता उघडला की हवा भरते, तसेच हे आहे.

'किंचित' म्हणजे किती? वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर, म्हणजे १००० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. शांतपणे श्वास घेताना फुप्फुसांतील दाब त्याहून केवळ १ सेंटिमीटर पाण्याइतका उतरतो. हजारात एक! एवढ्याशा फरकावर दर श्वासाला सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते.

हे दाखवण्याचे साधन फुकटात होते. प्लॅस्टिकच्या बाटलीचा खालचा भाग कापून टाकावा. तोंडाला एक फुगा आत लोंबकळेल असा बसवावा. तळाला दुसऱ्या फुग्याचा कापलेला पडदा ताणून घट्ट बांधावा. पडदा खाली ओढला की आतला फुगा फुगतो, सोडला की मिटतो. आता पडद्याला हात न लावता वरून फुंकर मारून तोच फुगा फुगवावा. फुगा दोन्ही वेळा फुगला. पण पहिल्या वेळी हवा ओढली गेली आणि दुसऱ्या वेळी ढकलली गेली. हा भेद लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

दोन कामे, दोन नियम

श्वसनाची कामे दोन. ऑक्सिजन आत घेणे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे. आत येणाऱ्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, उच्छ्वासात सुमारे १६ टक्के उरतो. कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांवरून सुमारे ४ टक्के होतो. ही देवघेव फुप्फुसांतील ३० ते ५० कोटी वायुकोशांत चालते. हे सारे वायुकोश उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानापेक्षा थोडी कमी, जागा व्यापतील.

दोन्ही कामे एकाच भात्याने होत असली तरी त्यांचे नियम निराळे आहेत. ऑक्सिजन कमी पडत असेल तर आत जाणाऱ्या हवेतील त्याचे प्रमाण वाढवता येते. २१ ऐवजी ५० टक्के देता येतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत अशी सोय नाही. तो बाहेर न्यायला हवा हललीच पाहिजे. घरात पिण्याचे पाणी टँकरने आणता येते, पण सांडपाण्याची मोरी तुंबली तर टँकरचा काही उपयोग नाही.

थोडे गणित करू. मिनिटाला १२ श्वास, दर श्वासाला ५०० मिलिलिटर; म्हणजे मिनिटाला ६००० मिलिलिटर हवा. पण दर श्वासातील सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिका यांतच राहते. ती वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. उपयोगी पडणारी हवा ३५० गुणिले १२, म्हणजे ४२०० मिलिलिटर. आता स्नायू दुबळे झालेल्या रुग्णाचा विचार करू. तो २५० मिलिलिटरचे उथळ श्वास मिनिटाला २४ वेळा घेतो. एकूण हवा तेवढीच, ६००० मिलिलिटर. परंतु उपयोगी हवा १०० गुणिले २४, म्हणजे अवघी २४०० मिलिलिटर! पाहणाऱ्याला वाटते, 'चांगला भरभर श्वास चालू आहे.' प्रत्यक्षात मोरी तुंबू लागलेली असते. अशा रुग्णाला ऑक्सिजन दिला तर रक्तातील ऑक्सिजन सुधारेल, पण कार्बन डायऑक्साइड साठतच जाईल.

लोखंडी फुप्फुस

पोलिओच्या विषाणूमुळे स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी मरतात. हातपाय लुळे पडतात हे आपल्याला माहीत आहे. काही रुग्णांत श्वसनाचे स्नायूही लुळे पडत. फुप्फुसे धडधाकट, मेंदू जागा, पण भाता बंद. १९२८ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी त्यासाठी एक यंत्र तयार केले. रुग्णाला मानेपर्यंत धातूच्या हवाबंद पिंपात निजवायचे, डोके तेवढे बाहेर ठेवायचे आणि पिंपातील हवेचा दाब पंपाने आळीपाळीने कमी-जास्त करायचा. दाब कमी झाला की छाती फुगते, हवा नाकातोंडातून आत येते. आपल्या बाटलीतील फुग्याची ही मोठी आवृत्ती. त्याच वर्षी बोस्टनच्या बालरुग्णालयात पोलिओ झालेल्या आठ वर्षांच्या मुलीला त्यात ठेवले, तेव्हा बेशुद्ध असलेली ती मुलगी थोड्याच वेळात शुद्धीवर आली. पुढे न्यूमोनियाने ती दगावली. पण यंत्राने श्वास चालवता येतो हे सिद्ध झाले. या यंत्राला लोकांनी 'लोखंडी फुप्फुस' असे नाव दिले.

त्याच्या मर्यादाही होत्या. पिंप अवजड आणि महाग होते. रुग्णाचे सारे अंग आत असल्याने शुश्रूषा अवघड जाई. आणि ज्यांचे गिळण्याचे स्नायूही लुळे पडत, त्यांची लाळ व कफ श्वासनलिकेत उतरे. पिंपाने ओढलेल्या हवेबरोबर तो आणखी खोल जाई.

कोपनहेगन, १९५२

१९५२च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत पोलिओची भयंकर साथ आली. रुग्ण ब्लेगडॅम या साथरोग रुग्णालयात येत. ऐन भरात दिवसाला ५० पर्यंत. रुग्णालयाकडे एक लोखंडी फुप्फुस आणि छातीवर बसवायची सहा लहान यंत्रे होती. पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या ३१ रुग्णांना या यंत्रांचा आधार दिला. त्यांपैकी २७ दगावले.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की या रुग्णांना ऑक्सिजन मिळत होता. त्वचा निळी पडलेली नसे. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण मात्र फार वाढलेले आढळे. रक्तात हा वायू बराचसा बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि बायकार्बोनेट अल्कधर्मी. तेव्हा प्रमुख डॉक्टर लासेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा अर्थ लावला, की पोलिओमुळे रक्त कसे कोण जाणे अल्कधर्मी होत आहे.

रुग्णालयाने ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावले. शस्त्रक्रियेच्या वेळी औषधाने स्नायू शिथिल करायचे आणि रबरी पिशवी दाबून रुग्णाचा श्वास आपण चालवायचा, हे भूलतज्ज्ञांचे रोजचे काम. त्यांनी आकडे पाहिले आणि उलटा अर्थ लावला. हा वायू साठतो आहे, कारण हवा हलतच नाही. ऑक्सिजनमुळे रंग सुधारतो, पण मोरी तुंबलेलीच आहे.

दोन अर्थ, आकडा एकच. निवाडा कसा करायचा? सोडावॉटरमध्ये निळा लिटमस लाल होतो हे मुलांनी पाहिलेले असते. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आम्ल तयार करतो. म्हणजे इब्सेन यांचे खरे असेल तर रक्ताचा सामू नेहमीच्या ७.४ पेक्षा खाली जायला हवा, आणि लासेन यांचे खरे असेल तर वर. प्रयोगशाळेचे प्रमुख पोल आस्ट्रुप यांनी सामू मोजला. तो खाली गेलेला होता. एकाच निरीक्षणाची दोन स्पष्टीकरणे असतील तर ज्याबाबत त्यांची भाकिते वेगळी पडतात ती गोष्ट मोजायची, या वैज्ञानिक पद्धतीचे याहून नेमके उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या, चारही हातपाय लुळे पडलेल्या, स्वतःच्याच लाळेत गुदमरत असलेल्या एका मुलीवर उपाय करून पाहण्यात आला. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली. नळीभोवती फुगणारी कडा असल्याने लाळ खाली उतरणे थांबले. नळीतून कफ ओढून काढला. मुलगी धडपडत होती, त्यामुळे हवा आत जाईना. इब्सेन यांनी तिला गुंगीचे औषध दिले आणि पिशवी दाबायला सुरुवात केली. छाती उचलू लागली, साठलेला कार्बन डायऑक्साइड उतरू लागला. ती मुलगी वाचली आणि पुढे जवळजवळ दोन दशके जगली.

पद्धत सापडली, पण पिशवी दाबणारे यंत्र नव्हते. तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी पुढे आले. एकेका खाटेशी एकेक जण पाळीने बसे आणि तासन्‌तास पिशवी दाबत राही. एका वेळी ७० पर्यंत रुग्णांचा श्वास असा माणसांच्या हातांवर चालला. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी हे काम केले. विशी-बाविशीतील ही मुले रुग्णांना गोष्टी वाचून दाखवत, त्यांच्याशी बोलत. ८० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत निम्म्यावर उतरले आणि पुढे आणखी कमी झाले. विशेष औषध एकही नव्हते.

१९५३ साली इब्सेन यांनी कोपनहेगनच्याच दुसऱ्या रुग्णालयात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला. आजच्या अतिदक्षता विभागांची सुरुवात त्यातून झाली असे मानतात. विद्यार्थ्यांच्या हातांची जागा लवकरच विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी घेतली. तेच आजचे व्हेंटिलेटर.

मण्यार आणि अ‍ॅम्बू बॅग

१९५६ साली डेन्मार्कमध्येच दाबून सोडल्यावर आपोआप फुगणारी पिशवी बाजारात आली. तिला वायूचे नळकांडे लागत नाही. ती भोवतालची हवा भरून घेते आणि एकेरी झडपेमुळे ती रुग्णाकडेच जाते. हीच अ‍ॅम्बू बॅग. आपल्याकडील रुग्णवाहिकांत आणि ग्रामीण रुग्णालयांत ती हमखास दिसते.

तिचे मोल महाराष्ट्रातील शिक्षकांना मण्यारीच्या उदाहरणावरून चटकन पटेल. हा साप रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावतो. दंशाच्या जागी सूज नसते, वेदनाही फारशी नसते. खूण शोधूनही सापडत नाही. काही वेळाने पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे अडखळते आणि मग श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. विष चेतातंतूंच्या टोकांवर आघात करते. प्रतिविष दिल्याने रक्तातील विष निष्प्रभ होते, पण इजा झालेली टोके दुरुस्त व्हायला दिवस लागतात. तेवढे दिवस भाता कोणीतरी चालवायला हवा. असा रुग्ण पापणीही हलवू शकत नाही, बाहुल्या प्रकाशाने आकुंचन पावत नाहीत. तो गेला असे वाटू शकते. प्रत्यक्षात त्याला सारे ऐकू येत असते. व्हेंटिलेटरच्या आधाराने असे रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी जातात. म्हणून 'खूण नाही, सूज नाही, सकाळी पाहू' असे म्हणू नये. पापण्या जड झालेल्या रुग्णाला कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे, एवढे तरी प्रत्येक शाळेने शिकवायला हवे.

ढकलण्याची किंमत

आता बाटलीच्या प्रयोगातील भेदाकडे परत येऊ. आपण हवा ओढतो, व्हेंटिलेटर ती ढकलतो. निरोगी फुप्फुसे हे ढकलणे बऱ्यापैकी सोसतात. आजारी फुप्फुसांचे तसे नाही. १९६७ साली अमेरिकेत डेन्व्हर येथील ॲशबॉ, पेटी व सहकाऱ्यांनी १२ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. वेगवेगळ्या कारणांनी त्यांच्या फुप्फुसांत पाणी झिरपून वायुकोश मिटत होते. कोविडच्या गंभीर रुग्णांत आपण पाहिले ते याच जातीचे दुखणे.

यावर एक उपाय म्हणजे उच्छ्वासानंतरही फुप्फुसांत थोडा दाब राखणे. पूर्ण मिटलेला नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर जड जाते, अर्धवट फुगलेला सहज फुगतो. तोच हा न्याय. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी याचे साधे रूप वापरतात. बाळाच्या नाकाला नळ्यांनी हवा जोडतात आणि उच्छ्वासाच्या नळीचे टोक पाण्यात बुडवून ठेवतात. टोक ५ सेंटिमीटर खोल असेल तर बाळाच्या श्वासमार्गात सुमारे ५ सेंटिमीटर पाण्याइतका दाब राहतो. पेल्यातील पाण्यात नळी कमी-अधिक बुडवून फुंकल्यास मुलांना हा फरक गालांनाच कळेल.

दुसरा प्रश्न, एका श्वासात किती हवा ढकलायची? पूर्वी शरीराच्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिलिटर हवा देत. पण निम्मे वायुकोश मिटलेले असतील तर ती सारी हवा उरलेल्या निम्म्यांत शिरते आणि ते फाजील ताणले जातात. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. किलोमागे १२ मिलिलिटर दिलेल्या गटात सुमारे ४० टक्के मृत्यू, ६ मिलिलिटर दिलेल्या गटात ३१ टक्के. ६६ किलो अपेक्षित वजनाच्या माणसासाठी हा फरक ८०० आणि ४०० मिलिलिटरचा. हे वजन काट्यावर पाहत नाहीत, उंचीवरून काढतात. कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत.

तिसरा उपाय तर बिनखर्ची वाटावा असा आहे. उताण्या रुग्णाची पाठीकडची फुप्फुसे दबून मिटतात. रुग्णाला पालथे केले की ती उघडतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत गंभीर रुग्णांना रोज १६ तास किंवा अधिक पालथे ठेवले. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३३ वरून १६ टक्क्यांवर आले. नळ्या सांभाळून बेशुद्ध माणसाला पालथे करायला चार-पाच जाणती माणसे मात्र लागतात.

मग व्हेंटिलेटर करतो काय?

व्हेंटिलेटर न्यूमोनिया बरा करत नाही, विष उतरवत नाही. तो भाता उसना देतो आणि वेळ मिळवून देतो. त्या वेळात औषधे आणि शरीर आपापले काम करतात. मूळ आजार उलटणारा असेल तर तो वेळ लाखमोलाचा ठरतो. तो उलटणारा नसेल तर यंत्र नुसता वेळ लांबवू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न असा: 'ज्या कारणाने हा श्वास थांबला, ते दूर होण्यासारखे आहे का?' व्हेंटिलेटरवर दगावणाऱ्यांची संख्या मोठी दिसते याचे एक साधे कारण असे, की तो लावला जातो तोच अत्यवस्थ रुग्णांना.

उसने घेतलेले लवकर परत करावे लागते. वापर नसला की श्वासपटल काही दिवसांतच दुबळे होऊ लागते. नळीवाटे जंतू शिरू शकतात. म्हणून स्थिती सुधारली की आधार थोडा वेळ कमी करून रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते रोज पाहतात. दरम्यान कफ ओढणे, हवा दमट करणे, उशाकडची बाजू उंच ठेवणे, कूस बदलणे ही कामे परिचारिका रात्रंदिवस करत असतात. नळी स्वरतंतूंमधून जात असल्याने रुग्णाला बोलता येत नाही, पण बऱ्याचदा ऐकू येते. त्याच्याशी बोलावे. कोपनहेगनचे विद्यार्थी तेच करत होते.

शेवटी घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरबद्दल. बोटावरचे हे यंत्र ऑक्सिजन दाखवते, कार्बन डायऑक्साइड नाही. हे वर्गात पडताळता येते. बसलेल्या, निरोगी विद्यार्थ्याने बोटाला ऑक्सिमीटर लावून झेपेल तेवढाच वेळ, समजा अर्धा मिनिट, श्वास रोखावा. त्याआधी भराभर श्वास घेऊ नयेत. श्वास घ्यावासा वाटून जीव कासावीस होतो, तरी आकडा जवळजवळ तेवढाच राहतो. कारण ती हाक मुख्यतः साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची असते. ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाचा आकडा ९७ आहे, पण तो उथळ श्वास घेत आहे, गुंगत चालला आहे, घामेजला आहे, तर आकड्यावर विसंबू नये. डॉक्टरांना लगेच सांगावे. १९५२ साली कोपनहेगनच्या त्या ३१ खाटांवर हीच खूण दिसत होती.